रंगाआधी बाहेरच्या भिंती प्रेशर वॉशर मशीननं धुणं: किती बार दाब, कोणतं नोझल, किती दिवस वाळवण? (मराठवाड्यातलं पाणी, माती आणि ऊन धरून)

गोदाकाठ
परभणी जिल्ह्यातलं घर. तळमजला आणि वर एक मजला, सिमेंट प्लास्टरवर बाहेरचं इमल्शन. उत्तरेची भिंत काळी पडली आहे, पॅरापेटखाली (गच्चीच्या कठड्याखाली) ओघळ आहेत. जोत्यापासून दीड-दोन फूट लोणा (क्षाराची पांढरी भुकटी) फुटलाय. अंगणात शहाबादी फरशी, मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे. पाणी बोअरचं, चांगलंच क्षाराचं. रंगारी म्हणतो, मशीन आणू, एका दिवसात सगळं धुऊन काढू आणि दुसऱ्या दिवशी प्रायमर मारू. मशीन किती बारचं सांगावं? आणि दुसऱ्या दिवशी प्रायमर चालतो का?

रंगबहाद्दर
दुसऱ्या दिवशी प्रायमर चालत नाही. बाकीचं नंतर बोलू, हे आधी त्याच्या कानावर घाला. धुतलेलं प्लास्टर वरून चार तासांत कोरडं दिसतं, पण आत पाणी असतं. वरून प्रायमर-रंगाचा थर बसला की उन्हात आतली वाफ बाहेर यायला बघते आणि फुगे धरतात. रंग निकृष्ट निघाला म्हणून कंपनीला शिव्या बसतात ते वेगळंच.

ओल तपासायला मीटरच हवा असं नाही. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपनं हवाबंद चिकटवा, संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी साधारण १६ तासांनी काढा. आतून दव धरलं असेल किंवा खालची भिंत गडद झाली असेल तर थांबा. उत्तरेच्या भिंतीवर एक आणि जोत्याजवळ एक, असे किमान दोन तुकडे लावा. दक्षिणेच्या भिंतीवर लावून उपयोग नाही, ती सगळ्यात आधी वाळते.

उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत काम होतं. परतीच्या पावसानंतर लगेच धुतलं तर आठवडाही लागतो, कारण भिंत चार महिने पाणी प्यालेली असते.

गच्चीवरचा
बारच्या प्रश्नाकडे येतो. लोक बार विचारतात, खरं विचारायचं ते लिटर. घरगुती मशीन १०० ते १३० बार देतं, पण मिनिटाला ६-७ लिटरच पाणी फेकतं. धंद्याचं मशीन १५० ते २०० बारचं आणि ११ ते १५ लिटरचं असतं. मळ सुटतो दाबानं, पण वाहून जातो तो पाण्याच्या मापानं. कमी लिटरच्या मशीनवर माणूस वैतागून नोझल भिंतीच्या जवळ नेतो आणि तिथंच प्लास्टर खरवडलं जातं.

तुमच्या प्लास्टरला ६० ते ८० बार पुरे. १५० बारचं मशीन आलं तरी हरकत नाही, दाब उतरवता येतो. नोझलवर चार आकडे असतात, समजा २५०४. पहिले दोन म्हणजे २५ अंशाचा फवारा, पुढचे दोन म्हणजे छिद्राचं माप. ८ लिटरच्या, १२० बारच्या मशीनला ०३ चं नोझल बरोबर बसतं. त्याच मशीनला ०४ लावलं की दाब आपोआप ७५-८० बारवर येतो आणि पाणी तेवढंच राहतं. भिंतीसाठी हाच सोपा उपाय. मशीनच्या अनलोडर (दाब सांभाळणाऱ्या) व्हॉल्व्हचा स्क्रू पिळत बसू नका.

रंगांची खूण: लाल ०, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० अंश, काळा साबणाचा. भिंतीला पांढरा, फार तर हिरवा. लाल नोझल घरी येऊच देऊ नका, प्लास्टरवर पेन्सिलीनं रेघ ओढल्यासारखी खाच पाडतं. अंतर एक फूट ठेवायचं, फवारा तिरपा ठेवायचा आणि हात चालता ठेवायचा. आधी मागच्या बाजूला फूटभर तुकडा धुऊन बघा. वाळूचे कण उघडे पडले किंवा बोट फिरवल्यावर वाळू सुटली तर दाब जास्त आहे, नाहीतर प्लास्टरच मेलेलं आहे.

नळदुर्गी
माझं मत थोडं वेगळं आहे. काळं पडलंय ते शेवाळ आणि बुरशी. मशीननं वरचा थर जातो, मुळं राहतात, पुढच्या श्रावणात पुन्हा काळं. आधी औषध, मग पाणी. औषध नीट लागलं तर नुसत्या नळीनं आणि नायलॉनच्या ब्रशनंही भिंत निघते. मशीनची खरी गरज टेक्श्चर असेल किंवा जुनं सिमेंट पेंट पीठ सोडत असेल तिथं.

सोडियम हायपोक्लोराइट घ्या, दुकानात नुसतं हायपो म्हटलं तरी कळतं. बाजारात १० टक्क्यांच्या आसपासचं मिळतं. भिंतीला २ टक्के पुरे, म्हणजे एक भाग हायपो आणि चार भाग पाणी. फवारणीच्या १६ लिटरच्या पंपात ३.२ लिटर हायपो, बाकी पाणी, वर ५०-६० मिली भांड्याचं लिक्विड. साबणामुळं ते भिंतीला धरून राहतं, ओघळून जात नाही. एका पंपात साधारण ४०० चौरस फूट होतं.

फवारायचं खालून वर, धुवायचं वरून खाली. वरून फवारलं तर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात, तिथं औषध आधी लागतं आणि पट्टे राहतात. १० ते १५ मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. वाळलं की काम थांबतं आणि मिठाचा पांढरा थर उरतो. एप्रिल-मे मध्ये भिंत हात लावू देत नाही, तेव्हा पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर घ्या.

पंप तणनाशकाचा नको. तणनाशकाचा अंश राहिला तर कुंडीतली झाडं आणि वेल जळतील. आणि हायपो मारलेला पंप तीनदा साध्या पाण्यानं चालवून ठेवा, नाहीतर वायसर आणि पितळी भाग खाल्ले जातात.

बोअरचं_पाणी
गावाकडं हायपो मिळत नसेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर चालेल का? ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती.

नळदुर्गी
चालते, पण तशीच नाही. ताजी टीसीएल साधारण ३३ टक्के क्लोरीनची. १० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम ढवळा, प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर निवू द्या, वरचं नितळ पाणी तेवढं काढून वापरा. तळाचा चुना भिंतीवर गेला तर पांढरी भुकटी बसते आणि पंपाचं नोझल तुंबतं. पोतं उघडं पडून ओलसर झालेली, वास न येणारी पावडर असेल तर कष्ट घेऊ नका, ती गेलेली असते.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा: हायपो किंवा टीसीएल आणि ॲसिड कधीही एकत्र नाही. एका बादलीत नाही, एकाच भिंतीवर लागोपाठ नाही, संडास धुवायच्या ॲसिडच्या रिकाम्या बाटलीतही नाही. क्लोरीन वायू निघतो. गॉगल, रबरी हातमोजे, जुने कपडे. झाडांना आधी भरपूर पाणी, काम झाल्यावर पुन्हा पाणी.

पाथरवट
ॲसिडचा विषय निघालाच आहे तर शहाबादीबद्दल. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे, कडाप्पाही तसाच. ॲसिड टाकलं की फसफस होते आणि लोकांना वाटतं मळ निघतोय. निघतो तो दगड. वरची गुळगुळीत कातडी जाते, फरशी खरबरीत होते आणि पुढं दुप्पट मळते. डिटर्जंट, ताठ ब्रश, हिरवं नोझल, दीड फुटावरून. पापुद्रे सुटलेली फरशी असेल तर मशीन लावूच नका, पापुद्र्यात पाणी शिरून अख्खी पाटी उचलते. अंगणात मशीनच्या गननं झाडल्यासारखं धुतलं की वाळल्यावर पट्टे दिसतात. भाड्यानं मिळालं तर गोल फिरणारं सरफेस क्लीनर घ्या, एकसारखं निघतं.

काळ्या दगडाचं जोतं असेल तर दगडाला काही होत नाही, सांधे सांभाळा. जुन्या वाड्यांचे सांधे चुन्याचे, ८० बारनं ते मातीसारखे बाहेर येतात. तिथं नळीचं पाणी आणि ब्रश. गेलेले सांधे चुन्यानंच भरायचे. सिमेंट भरलं तर भिंतीतला ओलावा दगडातून वाट काढतो आणि दगडाच्या कडा झडतात. पांढऱ्या मातीच्या भिंती, धाब्याची छतं यांच्या आसपाससुद्धा मशीन नेऊ नये.

गोदाकाठ
आणि लोण्याचं काय? तो मशीननं निघून जाईल ना?

पाथरवट
दिसायला जातो. पाण्यात क्षार विरघळतात, भिंत ते परत पिऊन घेते आणि आठ दिवसांत तिथंच, थोडं वर, पुन्हा फुटतात. तुमचं पाणीच क्षाराचं असेल तर तुम्ही वर आणखी मीठ घालताय.

लोणा कोरडा काढायचा. कोरडी भिंत, ताठ ब्रश, खाली पत्रा किंवा प्लास्टिक धरून पडलेली भुकटी गोळा करून घराबाहेर. तिथंच झाडून सोडली तर पहिल्या पावसात जमिनीतून पुन्हा वर. तीन-चार वेळा, मध्ये आठवडा सोडून. प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर लोण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत पाडून टाका, विटांचे सांधे अर्धा इंच खोल मोकळे करा आणि महिना-दोन महिने उघडं वाळू द्या.

कारण बघा: जोत्याला लागून बागेची माती चढवलेली असते, नाहीतर अंगणाचा उतार भिंतीकडं असतो. माती जोत्याच्या ओलरोधक थराच्या खाली आणा. वरून वॉटरप्रूफ कोट मारून लोणा दाबायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. क्षार कोटच्या मागं साचतात आणि प्लास्टरसकट पापुद्रा फेकतात.

रंगबहाद्दर
पाथरवटांशी सहमत. एक जोड: शेवटची धुणी शक्य असेल तर गोड्या पाण्याची करा. मापही सांगतो. ८ लिटरचं मशीन, हजार चौरस फूट भिंत, सावकाश धुतली तर ट्रिगर दाबलेला वेळ ६० ते ९० मिनिटं, म्हणजे ५०० ते ७०० लिटर. टँकरमधली तीन-चार टिपाडं. चालू नळीनं तेवढीच भिंत धुवायला याच्या दुप्पट पाणी सहज जातं. मशीन पाणी उधळतं असं वाटतं खरं, पण हिशेब उलटा आहे.

तरी एप्रिल-मे मध्ये भिंती धुवायला काढू नयेत असं माझं मत. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत शेजाऱ्यांसमोर भिंतीवर पाणी मारणं शोभत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा: बोअरला पाणी, हवा कोरडी, भिंत तापलेली नाही. दिवाळीआधीच व्हायला पाहिजे हा हट्ट सोडला तर रंगारीही निवांत मिळतो.

फक्त परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० च्या खाली उतरतो. पाण्यातल्या रंगाचा थर त्या थंडीत नीट धरत नाही. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी तीननंतर रंग नको.

यंत्रमित्र
मशीनबद्दल, बोअरच्या पाण्यापुरतं. बोअरमधून बारीक वाळू येते. थेट जोडलं तर पंपाचे सील आणि व्हॉल्व्ह एका हंगामात जातात. पाणी आधी टिपाडात घ्या, अर्धा तास निवू द्या, सक्शनच्या (पाणी ओढायच्या) नळीला जाळीचा फिल्टर लावा आणि नळीचं तोंड तळापासून वीतभर वर टांगा. टिपाड मशीनच्या उंचीला किंवा वर ठेवा.

सुरू करताना नोझल काढून ट्रिगर दाबून ठेवा, अखंड धार आली की नोझल लावा. कोरडा पंप अर्धा मिनिट चालला तरी सील जळतात. ट्रिगर सोडून मशीन दोन-तीन मिनिटांवर चालू ठेवू नका, तेच पाणी आत फिरून तापतं.

धडधड होऊन धार तुटत असेल तर दहातल्या आठ वेळा सक्शनला हवा शिरते. क्लिप आवळा, वायसर बदला. तरी नाही गेलं तर व्हॉल्व्हमध्ये कचरा. दाब एकसारखा कमी असेल तर नोझल झिजलंय, आणि धार फाटून एका बाजूला जात असेल तर क्षार बसलाय. नोझल लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा आणि बारीक तारेनं साफ करा.

मोटार नुसती गुणगुणत असेल तर व्होल्टेज. लांबच्या जोडणीला २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर लागते, आणि रीळ पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर तापून वितळते. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग नसेल तिथं मशीन लावू नका, माणूस पाण्यात उभा असतो. मीटरची पेटी, बाहेरचे प्लग, इन्व्हर्टर एसीचं आउटडोअर युनिट प्लास्टिकनं झाका.

गच्चीवरचा
शिडीवरून गन चालवू नका हेही जोडा. ट्रिगर दाबला की धक्का मागं बसतो. परांची बांधा, नाहीतर लांब दांडी लावून जमिनीवरून धुवा. छज्जाखाली आणि खिडकीच्या चौकटीला खालून वर मारू नका, पाणी थेट घरात.

धार हाताला लागून टोचल्यासारखं बारीक छिद्र पडलं तर पट्टी बांधून काम चालू ठेवतात लोक. तसं करू नये. आत पाणी आणि घाण खोल गेलेली असते, वरून काही दिसत नाही. तासाभरात सर्जनकडं, आणि प्रेशरचं पाणी लागलंय हे स्पष्ट सांगा.

बोअरचं_पाणी
वाचनखूण साठवली. पण पडवीच्या पत्र्यांवर कुणीच बोललं नाही.

रंगबहाद्दर
बरं झालं आठवण केली. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे. त्यांना मशीन अजिबात नाही, तारेचा ब्रश नाही, सँडिंगही नाही. शेवाळासोबत तंतू सुटतात, पाण्यासोबत अंगणभर पसरतात आणि वाळले की श्वासात जातात. शेवाळ फारच असेल तर हायपो हळू फवारून तसंच सोडा. वरून चालूही नका, जुना पत्रा माणसाचं वजन धरत नाही.

तसंच जुन्या ऑइलपेंटच्या दार-खिडक्या-ग्रिल. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं. प्रेशरनं उडवू नका, कोरडं घासू नका. पाण्याचा पॉलिशपेपर, खाली प्लास्टिक, पोरंसोरं लांब.

काळीमाती
भेगांचं राहिलं. धुण्याआधी हातोडीच्या दांड्यानं सगळी भिंत ठोकत जा. पोकळ वाजेल तिथलं प्लास्टर आधी पाडा आणि मगच धुवा. उलटं केलं तर पाणी पोकळीत साठतं आणि महिनाभर निघत नाही.

जाळीसारख्या बारीक भेगा प्लास्टर आकसल्याच्या असतात. ३ मिमीपर्यंतच्या भेगेला कटरनं इंग्रजी व्ही आकाराची ५-६ मिमीची खाच पाडा, धूळ काढा, क्रॅक फिलर दोन थरांत भरा. एका दमात भरलं तर सुकताना बसतं आणि पुन्हा रेघ दिसते.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग वेगळी. काळ्या मातीवरच्या पायाची भेग उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात मिटत येते. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. वाढत असेल तर रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला दाखवा. नुसती उघडमीट करत असेल तर पुट्टी-सिमेंट टिकत नाही. १० मिमी रुंद खाच, आत फोमची दोरी, वर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, जाडी रुंदीच्या निम्मी. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. हे कामही हिवाळ्यातच करा, तेव्हा भेग मध्यम रुंदीवर असते. मे मध्ये भरलं तर पावसाळ्यात सीलंट चेपून बाहेर येतं.

पाडलेल्या जागी नवं प्लास्टर केलं तर सात दिवस पाणी मारायचं आणि एकूण २८ दिवसांनी प्रायमर. घाईत मारलं की तेवढेच चौकोन फिके पडतात, सिमेंटचा क्षार रंग खातो.

गोदाकाठ
मग क्रम असा धरतो: ठोकून पोकळ पाडणं, लोणा कोरडा काढणं, हायपो, धुणं, नवं प्लास्टर आणि भेगा, वाळवण, प्लास्टिकची चाचणी, प्रायमर. लोण्याचा पट्टा सोडून बाकी घर रंगवून घेतो. प्रायमरच्या आधी अजून काही?

काळीमाती
लोण्याचा पट्टा उघडा ठेवायचं चांगलं ठरवलंत, रंगारी हसेल, हसू द्या. प्रायमरआधी तळहात भिंतीवर घासून बघा. हाताला पीठ लागलं तर जुना रंग अजून सुटतोय, तिथं पुन्हा धुवा. खाली चुन्याचे थर निघाले तर ते पत्रीनं खरवडूनच काढावे लागतात, चुन्यावर इमल्शन बसतं आणि वर्षात सोलतं. मग ब्लेडनं फुलीची खाच पाडून चिकटपट्टी दाबून ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे आले तर तो भाग खरवडायचा.

यंत्रमित्र
गच्ची आणि पॅरापेट धुताना एक बघा. पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचा पाइप असेल तर तो आधी बंद करा किंवा काढून बाहेर वळवा. हायपो, शेवाळ आणि रंगाच्या खपल्या सगळं बोअरमध्ये जाईल. पाइप परत जोडायच्या आधी गच्ची एकदा साध्या पाण्यानं धुऊन ते पाणीही बाहेरच सोडा.

गोदाकाठ
पाइप आहे, वळवतो. हायपोचा ३५ किलोचा कॅन येतोय, निम्मा उरेल. ठेवून पुढच्या वर्षी वापरता येईल?

नळदुर्गी
नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्यात त्याचा जोर बराच उतरतो. दुकानदाराकडून सुटं मिळतं का बघा, नाहीतर शेजाऱ्यासोबत वाटून घ्या. ठेवायचंच तर सावलीत, झाकण घट्ट न आवळता, लोखंडी अवजारं आणि ॲसिड यांच्यापासून वेगळ्या खोलीत. वापरताना मग एकास चार ऐवजी एकास दोन करून आधी तुकड्यावर बघा.

गोदाकाठ
शेजारचे काकाही भिंत धुवायला काढायलेत, त्यांना विचारतो.